पुढच्या दारानं

वर्दीतली दोन माणसं धुलाईच्या दुकानात शिरली आणि मालकीणबाईंच्या दिराच्या तोंडचं पाणीच पळालं.

"मागे परदेशी माणसं कामाला आहेत म्हणे. बघायचंय," थोराड अधिकारी म्हणाला आणि काउंटरची फळी उचलू लागला.

बाईंनी फळीवर कोपर टेकलं. उभा जन्म ओल्या चादरी उपसून तयार झालेलं कोपर ते, हलणार थोडंच!

"कोर्टाचा हुकूम?"

त्यानं कागद नाचवला. बाईंनी चष्मा लावून तो नीट वाचला. "ही तुमच्याच साहेबांची सही. न्यायाधीशाची कुठाय? ती आणा, मग आत या."

दीर कानाशी लागला, "वहिनी, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

"पाणी आपलं आहे, भाऊजी. रोज उकळतो आपण."

आत एक मशीन अचानक थांबलं. बाईंनी कान टवकारले. शेजारच्या बेकरीत असेच लोक आले, तेव्हा कामगार मागच्या भिंतीवरून पळाले. एकाचा पाय मोडला आणि बेकरीवाला हात जोडून बघत राहिला. ते कळल्यावर बाईंनी वकीलबाईंना बोलावलं होतं, मशीनं बंद करून सगळ्यांना समजावलं होतं : पळायचं नाही, नाव-गाव सांगायचं नाही, वकीलबाईंचा नंबर तोंडपाठ हवा.

मशीन पुन्हा घरघरलं. कुणी पळालं नव्हतं.

"संध्याकाळी बाहेर पडतीलच की," अधिकारी हसला. दोघं समोर गाडीत जाऊन बसले.

बाईंनी वकीलबाईंना फोन केला. दुकान बंद करायच्या वेळी त्या येऊन पोचल्या. तोवर दिरानं मागच्या दाराशी टेम्पो लावला होता. "गाठोड्यांमागे बसवून नेतो सगळ्यांना." बाईंनाही ते पटलं. पण फाटक्या चादरी शिवणारी टाकेवाली जागची हलेना.

"मी काय चोरीचा माल आहे? पुढच्या दारानं आले, पुढच्याच दारानं जाणार."

बाईंचे कान गरम झाले. "चल. मी आहे बरोबर."

सगळे पुढूनच निघाले. अधिकारी आडवा आला. "नाव काय तुझं?"

"वकीलबाईंशी बोला." टाकेवालीची मान खाली गेली नाही.

"अटकेचा हुकूम आहे?" वकीलबाईंनी विचारलं. नव्हता. "मग वाट सोडा."

त्यानं दात-ओठ खाल्ले आणि वाट सोडली. दीर टाकेवालीच्या आणि वर्दीच्या मधून चालला.

दुसऱ्या दिवशी कपडे वाळवणारा कामाला आलाच नाही. बाई त्याच्या खोलीवर गेल्या. "भीती वाटली तर वाटू दे," त्या म्हणाल्या, "पण तुझ्या जागी मी दुसरा घेणार नाही."

तो आठवड्यानं परतला. तोवर वाळवणीचं मशीन दीरच चालवत होता. त्यानं उशांचे अभ्रे करपवले आणि वर कुणाला हसूही दिलं नाही.