कोपरावरचा मी आणि पोटातले ते

मित्रांनो, मी एक जुना चट्टा आहे. वय चौदा वर्षं. सलूनमधल्या एका कारागिराच्या उजव्या कोपरावर राहतो. दवाखान्याच्या कागदावर माझं नाव सोरायसिस. घरात मला नुसतं 'ते' म्हणतात.

(तेव्हा मी शर्टाच्या बटणाएवढा)

आधी लाल होतो, मग चांदीसारखे पापुद्रे धरले. मलम मला, तेल मला, नखंसुद्धा माझ्याचसाठी. माझे पापुद्रे गिऱ्हाइकाच्या खांद्यावर पडले की माझा माणूस फडकं झटकत म्हणायचा, "पावडर जरा जास्तच झाली!" मला तो कधी विसरला नाही. आणखी काय हवं?

(बशीएवढा)

मी पसरलो. तोही कमरेत पसरला. दिवसभर खुर्चीमागे उभा. दोन डोक्यांच्या मध्ये गोड चहा आणि बिस्किटं. जेवण चार वाजता, नाहीतर नाहीच.

एकदा दाढीला बसलेल्या मास्तरांनी मला आरशात पाहिलं.

"हे दुसऱ्याला लागतं का हो?"

"छे छे, अजिबात नाही."

"नाही, तसं नाही... आज जरा घाई आहे." आणि एका गालावर फेस तसाच ठेवून मास्तर चालते झाले.

सलूनचा मालक संध्याकाळी म्हणाला, "तुझ्या हाताला तोड नाही, बाबा. पण असं आणखी एक गिऱ्हाईक उठून गेलं, तर ही खुर्ची मला दुसऱ्याला द्यावी लागेल."

माझा माणूस भर उकाड्यात पूर्ण बाह्यांचे शर्ट घालू लागला. आणि मी? लाज वाटते सांगायला. मी फुशारलो होतो.

मग तो डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्यांनी मला अर्धा मिनिट पाहिलं. अर्धा! नंतर कमर मोजली, रक्तातली साखर तपासायला दिली, दिवसभराचं खाणं विचारलं.

"डॉक्टर, दुखणं कोपराला आणि फीत पोटाला?"

"आतड्यात कोट्यवधी जिवाणू राहतात. भाज्या, शेंगा, सालं मिळाली की ते आतड्याचं अस्तर जपतात, शरीराला शांत ठेवायला मदत करतात. त्यांची घडी विस्कटली, तर आतली सूज वाढू शकते. तिचा त्रास साखरेला होतो, वजनाला होतो, कातडीलाही. सगळं त्यांच्यामुळेच असं नाही हं. मलम आणि गोळ्या सोडायच्या नाहीत."

कोट्यवधी.

मी एकटा.

चौदा वर्षं उन्हात, साबणात, लोकांच्या नजरेत मी काढली. हे अंधारात बसून खाणार आणि घरभर बोलबाला यांचा! हेवा वाटला की माणसाच्या पोटात दुखतं. मला पोटही नाही. तेही त्यांच्याचकडे.

घरी त्याची बायको डबा भरू लागली. भाज्या, शेंगा, सालासकट फळं. "अहो, डबा पूर्ण संपवा. तुम्ही एकटे नाही जेवत, कोट्यवधी पानं बसलीत!" मग झाकण जोरात लावून म्हणाली, "पंधरा वर्षं मी ओरडतेय, वेळेवर जेवा. माझं नाही ऐकलं. जंतूंचं बरं ऐकलं!"

तिच्याही आवाजात मला माझीच जळजळ ऐकू आली. घरात तेवढीच एक माझी.

(नखाएवढा)

महिने गेले. कमरेचा पट्टा दोन भोकं आत आला. साखर उतरली. मी आक्रसलो. श्रेय कुणाचं? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडं गोळ्यांचं, थोडं वजनाचं, थोडं जेवणाचं. नेमकं किती कुणाचं, सांगता येत नाही. मी सांगतो. त्यांचंच! जळणाऱ्याला शंका नसते.

परवा तो अर्ध्या बाह्यांत कामावर आला. खुर्चीत नवं गिऱ्हाईक, गल्ल्यावर मालक.

"कोपराला काय झालंय?"

मालकाने मान वर केली. माझ्या माणसाने हात खाली घेतला नाही.

"सोरायसिस. लागत नाही कुणाला. मान जरा खाली, साहेब."

साहेबांनी मान खाली घातली. कात्री चालू झाली. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्याने मला चारचौघांत नावाने हाक मारली होती.

(डाळीएवढा)

मित्रांनो, पोटातल्यांना वेळेवर खाऊ घाला. हे सांगताना माझा तिळपापड होतो, पण घाला. कुणाच्या अंगावर माझ्यासारखा दिसला, तर दचकू नका, विचारा.

अजून बोललो असतो.

जागा नाही.