विकाऊ बंगल्याची धास्ती

मी एक जुना दगडी बंगला आहे, आणि खरे सांगायचे तर, मित्रांनो, मी भित्रा आहे. माझ्या भिंती हातभर जाड आहेत, म्हणून कुणाला हे पटत नाही. पण जाडीचा आणि धीराचा काही संबंध नसतो.

गावाबाहेर रस्ता टेकडीला वळसा घालतो, तिथे मला बांधले. त्या काळी इथून घोडागाड्या जात. माझ्या खालच्या दालनात थकलेले घोडे बदलत आणि वरच्या मोठ्या खोलीत प्रवासी पाठ टेकत. वरची जमीन लाकडी फळ्यांची. त्या सगळ्यांचा भार एका अखंड तुळईवर. ती जागेवर बसली तेव्हा गवंडी कमरेवर हात ठेवून म्हणाला होता, "आता खुशाल हत्ती नाचवा वर!" हत्ती कुणी आणला नाही, पण माझी छाती मात्र फुगली.

मोटारी आल्या आणि घोडे गेले. मग एका छत्रीवाल्याने मला विकत घेतले. तो खाली काड्या जोडायचा, त्याची बायको वर काळे कापड बेतायची. त्यांची दोन मुले, दादा आणि ताई, जिन्यावर बसून दांड्यांना तेल लावायची. गिऱ्हाईक छत्री उघडून बघे, मग मान वर करून मला बघे आणि म्हणे, "काय घर आहे हो!" दरवर्षी पावसापूर्वी छत्रीवाला स्वतः छपरावर चढून फुटकी कौले बदलायचा.

तो गेला, मागोमाग त्याची बायकोही गेली. दादा शहरात, ताई सासरी. छपरावर कुणी चढेना. एक कौल सरकले आणि जगाला कोरडे ठेवणाऱ्याच्या घरालाच गळती लागली. पाणी भिंतीतून झिरपत तुळईच्या टोकाशी मुरले. ओलीमागोमाग वाळवी आली.

मित्रांनो, वाळवी लागली की दुखत नाही. तेच तर भयंकर आहे. नुसते आतून हलके वाटू लागते.

बंगला विकायचे ठरले तेव्हा दादा मला बघायला आला. त्याने तुळईवर अंगठा दाबला. अंगठा आत गेला. मग आजूबाजूला कुणी नाही ना, हे त्याने पाहिले. चारच दिवसांत तुळईखाली पांढरेशुभ्र पातळ छत ठोकले गेले आणि फाटकावर पाटी लागली: 'ऐतिहासिक दगडी बंगला विकणे आहे. घरगुती व्यवसायास उत्तम.'

तेव्हापासून मला पावलांची भीती वाटू लागली. इतकी वर्षे ज्या पावलांची मी वाट पाहिली, तीच आता जिन्यावर वाजली की माझे दगड गार पडत.

पहिला आला तो एक बांधकामवाला. तो आत आलाच नाही. फाटकातूनच म्हणाला, "घराचं सोडा. मशीन लावलं की दोन दिवसांत जमीन सपाट." दादा म्हणाला, "बघू." त्या 'बघू'ने माझे पाणी पाणी झाले.

मग शिवणकामवाल्या बाई आल्या. शाळांचे गणवेश शिवण्याचा त्यांचा धंदा होता. सोबत त्यांची लहान मुलगी होती. त्या दिवशी ताईही आली होती. बाईंनी वरची खोली पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"काय उजेड आहे इथे! सगळी मशीनं वर मांडते. बायका वर शिवतील, पोरगी खाली खेळेल."

"मांडा की," दादा म्हणाला. "जुनं बांधकाम आहे. ठणठणीत."

नको, नको, मी म्हणत होतो. पण आम्हा घरांना तोंड कुठे असते? मला दिसत होते: वर लोखंडी मशीने, त्यांच्यावर वाकलेल्या बायका, आणि बरोबर खाली ते पोर. मी कुणाचा जीव घेईन, ही भीती मला स्वतःच्या मरणाहून मोठी वाटली.

तेवढ्यात मुलगी वर उड्या मारू लागली. खाली ताई चहा ओतत होती. नव्या छताच्या फटीतून तपकिरी भुसा भुरभुरला आणि थेट कपात पडला. ताईने बोटाने तो उचलला, चोळला, वर बघितले.

"पोरीला खाली आणा!" ती ओरडली. "आधी खाली आणा तिला!"

सगळे धावत खाली आले. ताईने विचारले, "दादा, या छताच्या वर काय आहे?"

"काही नाही गं. जुनं लाकूड."

"मग उघड."

"ताई, सगळेच रंग मारून विकतात. मी एकट्याने किती वर्षं ओढायचं हे घरपट्टीचं ओझं?"

"ओढलंस, मान्य आहे. पण आपण घर विकतोय रे, कुणाच्या डोक्यावरचा धोंडा नाही." तिने जळमटे काढायच्या झाडूचा लांब दांडा उचलला आणि छतात घुसवला. दांडा छतातून गेला आणि तुळईतही गेला. भुशाचा ढीग जमिनीवर पडला. बाईंनी मुलीला उचलले आणि त्या निघून गेल्या. दादा पायरीवर बसून राहिला.

आता बांधकामवाल्याशिवाय कोण येणार? रस्त्यावर जड गाडी वाजली की, आले मशीन, असे वाटून मी अंग चोरत असे.

पण एका सकाळी फाटक वाजले. बाई होत्या, सोबत सुतार.

"बरीच घरं पाहिली," त्या ताईला म्हणाल्या. "सगळी ठणठणीत! एकानेही एक खोट सांगितली नाही. मला त्यांचीच भीती वाटली. तुमच्या घराचं दुखणं निदान ठाऊक तरी आहे. हेच घेते."

दादाने मान खाली घालून विचारले, "तुळई बदलायला मी आलो तर चालेल?"

"चालेल काय, यायलाच हवं," बाई म्हणाल्या.

टेकू लावून जुनी तुळई काढली, तेव्हा मी जेवढा घाबरलो तेवढा कधी घाबरलो नाही. टेकूंपैकी एक दादाने दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. त्याची काही गरज नव्हती, असे सुतार म्हणाला. तरी त्याने सोडला नाही. मग लोखंडी तुळई चढली. मशीने बाईंनी खालच्याच दालनात मांडली, वर फक्त कापड बेततात.

भीती अजून गेलेली नाही, मित्रांनो. पाऊस लागला की मी एकेक कौल चाचपतो. म्हणून एवढेच मागतो: तुमच्या घरात कुठे ओल दिसली, चीर दिसली, तर तिच्यावर कॅलेंडर टांगू नका. मोठ्यांना हाताला धरून तिथे न्या आणि दाखवा. ते म्हणतील, "नंतर बघू." तुम्ही तिथून हलू नका.