तेरा-शून्य

फ्रान्समधल्या लेकीच्या गावाहून परतताना माझ्या नवऱ्याने, मधुने, बॅगेतल्या माझ्या साड्या काढल्या आणि त्या जागी सहा लोखंडी गोळे भरले. तेव्हाच मी ओळखलं, आता कोपरला घरी गेल्यावर आपलं काही खरं नाही.

चूक त्या गावाची. वस्ती जेमतेम सहाशे, आणि जत्रेपासून वाचनालयापर्यंत सगळा कारभार स्वयंसेवकांच्या जिवावर. मधुला भाषा येईना, म्हणून त्यांनी त्याच्या हातात मोजायची टेप दिली. तिथे रोज संध्याकाळी पेतांक खेळतात. एक छोटा लाकडी गोळा टाकायचा आणि आपला लोखंडी गोळा त्याच्या जास्तीत जास्त जवळ न्यायचा; आधी तेरा गुण करेल तो जिंकला. कुणाचा जवळ यावरून भांडण जुंपलं की सगळे ओरडायचे, "मादू!" मग हा वाकून मोजायचा. बँकेतून निवृत्त झाल्यावर चार वर्षांत त्याला कामासाठी कुणी हाक मारली नव्हती. तीन महिन्यांत माणूस दहा वर्षांनी तरुण झाला.

इथे आल्यावर त्याने खाडीजवळच्या मैदानात क्लब काढला. सोसायटीच्या ग्रुपवर नियमावली टाकली. एकवीस अंगठे आले, माणूस एकही नाही. आठवडाभर हा एकटाच टाकायचा, एकटाच मोजायचा. मला आधी हसू यायचं आणि मग फार वाईट वाटायचं.

त्याच मैदानाच्या कडेला आवडाबाई जवळा, ती बारीक कोलंबी, वाळत घालतात. आठव्या दिवशी मी मधुला चहा द्यायला गेलेले, तेव्हा त्यांनी विचारलं, "काका, यो काय खेल हाय? मना पन टाकू दे."

मधु हरखला. अर्धा तास नियम सांगितले. आवडाबाईंनी पदर खोचला आणि गोळा टाकला. तो लाकडी गोळ्याला जाऊन चिकटला. दुसराही चिकटला. मधुचा एक कसाबसा जवळ आला होता, तो त्यांनी टक्कर मारून गटारात घालवला. जन्मभर जवळ्यावरचे कावळे खडे मारून हाकलणाऱ्या बाईशी हा नेमाचा खेळ खेळत होता! टेप खिशातून निघालीच नाही. तेरा-शून्य.

नेमका तेव्हाच आमच्या ऋजुताचा फ्रान्सहून व्हिडिओ कॉल आला. निकाल ऐकून ती किंचाळली, "बाबा, तेरा-शून्य? आता फॅनी!"

"कोण फॅनी?" मी विचारलं.

मधुचे कान लाल झाले. हा नियम त्याने नियमावलीतून गाळला होता. शून्यावर हरणाऱ्याने फॅनी नावाच्या बाईच्या चित्रातल्या उघड्या पार्श्वभागाचा सर्वांसमक्ष मुका घ्यायचा. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, मी त्याला कधी अहो म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हटलं.

आवडाबाई पोट धरून हसल्या. "आमच्यात असला काय नाय. हरला त्याने कावले राखायचे. मी बाजारातून येते तवर."

जन्माचा शाकाहारी मधु टोपी घालून, काठी घेऊन दोन तास जवळ्याशेजारी बसला. शर्ट मी तीनदा धुतला. शिक्षा एकाच दिवसाची होती, म्हणून गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेत होतो, तोच खालून खणखणीत हाक आली, "ओ काका! आले नाय अजून? कावले माजलेत!"

मधु अर्धा कप टाकून उठला. मी सवयीने टेप पुढे केली.

"ती राहू दे," तो म्हणाला. "काठी कुठाय?"