शनीसाठी घासलेली काच

कर्रर्र. एवढाच आवाज झाला आणि इंदिराबाईंचे हात जागच्या जागी थांबले.

पिंपावर पक्की बसवलेली एक काच, तिच्यावर दुसरी, मध्ये पाणी आणि पिठासारखी बारीक पूड. पिंपाभोवती फिरत वरची काच मागेपुढे घासायची, म्हणजे तिला हळूहळू खोलगटपणा येतो. तोच दुर्बिणीचा आरसा. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात जाड पुडीचं काम उरकलं होतं. या सुट्टीत बारीक पूड, मग चकाकी, की झालं. आणि उद्या शाळा उघडणार तर आज हे. त्यांनी काच धुऊन उजेडाकडे धरली. मधोमध लांबच लांब ओरखडा. तो घालवायचा तर पुन्हा जाड पुडीपासून सुरुवात.

"झाली का दुर्बीण, बाई?" दारात फुलांची पाटी टेकवत मखमलाबादच्या भागीबाईने विचारलं.

"कसली होतेय. खडा आला कुठूनतरी, ओरखडा पडला."

"आता गं बया. सकाळी तर गुरुजींनी एवढी पूजा केली तिची. झेंडू मीच दिला ना. हळद, कुंकू, अक्षता, लय मनापासून. मंग धोतराच्या सोग्यानं पुसूनबी ठेवली."

इंदिराबाईंनी काचेची कड पाहिली. तिथे लालसर कण अजून चिकटून होते. बाजारातलं सुटं कुंकू, त्यात कुंकू किती आणि रेती किती, देव जाणे.

"गुरुजींना सांगू नका हं, भागीबाई."

"मी कशाला सांगू," म्हणत ती फुलांची पुडी ठेवून गेली.

गुरुजी म्हणजे इंदिराबाईंचे वडील, गंगाधरगुरुजी. जन्मभर रामकुंडावर यात्रेकरूंची पूजा सांगितली, निम्म्या नाशकाच्या साडेसातीसाठी शनीची शांत केली. पण कड्यासकट शनी काही त्यांनी पाहिला नव्हता. काचबिंदूने उजवा डोळा गेला तेव्हा ते सहज बोलून गेले, "एकदा बघायला हवा होता गं त्याला." आकाश बघणाऱ्या हौशी मंडळींची दुर्बीण टेकडीवर असायची आणि गुरुजींचे गुडघे तिथवर जात नव्हते. म्हणून इंदिराबाईंनी काच आणली. आता डाव्या डोळ्याने समोरचं थोडंसंच दिसे, आणि त्याचंही दिवाळीपर्यंतच धरून चला, असं डॉक्टर म्हणाले होते.

तशा त्या हात घातलेलं काही तडीला नेणाऱ्यांतल्या नव्हत्याच. एम.एड. अर्धं, बाजाची पेटी 'सारेगम'पाशी अडलेली, स्वेटरला एकच बाही. उन्हाळा आला की उत्साह यायचा, आणि पेपर तपासणी, मतदारयाद्या, भाच्याची मुंज यांत सुट्टी कुठे जायची कळायचं नाही. गृहपाठ अपुरा म्हणून पोरांना बाकावर उभं करणारी बाई घरी सगळं अपुरंच ठेवते, असं त्या स्वतःच हसून सांगत. ही काच मात्र पुरी करायची होती. हिच्यावर त्यांना हसता येत नव्हतं.

संध्याकाळी त्या कणीक मळत होत्या तेव्हा गुरुजी भिंत चाचपत आले आणि ओट्यावरची काच त्यांनी हातात घेतली. बोट फिरता फिरता मधोमध थांबलं.

"हे काय गं?"

"हात घसरला माझा. उद्या शाळा, म्हणून घाई केली."

"मी पूजा केली होती सकाळी."

"कळलं मला. बरं केलंत, बाबा."

गुरुजी बराच वेळ त्याच जागी बोट फिरवत राहिले.

"पुन्हा घासशील?"

"घासेन ना. दिवाळीच्या सुट्टीत."

दिवाळीचं दोघांनाही ठाऊक होतं. गुरुजींनी काच जपून ओट्यावर ठेवली.

"ते राहू दे. तू फोटो पाहिलेत ना त्याचे? कसा दिसतो, सांग."

इंदिराबाईंनी कणकेचा लहानसा गोळा करून ओट्यावर ठेवला, हातातली बांगडी काढली, आणि गोळ्याभोवती मधोमध, चहूबाजूंनी सारखं अंतर राखून, बोटांच्या चिमटीत धरली. दुसऱ्या हाताने वडिलांचं बोट धरून तिथे नेलं.

गुरुजींनी आधी गोळा चाचपला, मग बांगडी, मग त्या दोघांमधली रिकामी जागा.

"कडं टेकलेलं नाही कुठेच?"

"नाही, बाबा. कुठेच नाही."

ते पुन्हा पहिल्यापासून बोट फिरवू लागले. बांगडी धरून इंदिराबाईंचा हात भरून आला. गॅसवर तवा तापून धुरावला, तरी त्यांनी हात हलू दिला नाही.