आवाज किंचित मागे

आमच्या मासिकात बाजारातल्या वस्तूंची परीक्षा छापून येते. इस्त्र्या, पंखे, कुलपं बाहेरच्या मोठ्या टेबलावर तपासली जातात. पण गाणी आणि व्हिडिओ दोन्ही वाजवणारं यंत्र आलं की ते आमच्या आतल्या खोलीत येतं. त्याला कान आणि डोळे दोन्ही लागतात. कान म्हणजे माझी बायको, डोळे म्हणजे मी. ही नावं आता इतकी जुनी झालीत की शिपाई दारातून "डोळे आले का?" असं विचारतो आणि कोणालाही हसू येत नाही.

त्या आठवड्यात खिशात मावेल असा एक नवा प्लेअर आला होता. पडदा काडेपेटीपेक्षा जरासा मोठा. एवढ्याशा पडद्यावर अख्खा सिनेमा बघणाऱ्यांबद्दल माझं मत बरं नाही. ते मी दर वेळी लिहितो आणि साहेब दर वेळी कापतात. खिडकीशी नेऊन उन्हात चित्र दिसतं का ते पाहिलं, अंधारातला प्रसंग लावून काळा रंग काळाच दिसतो की राखाडी ते पाहिलं, तिरका धरल्यावर माणसांचे चेहरे हिरवे पडतात का तेही पाहिलं. पडतात. तिनं इअरफोन लावून गाणी ऐकली आणि म्हणाली, "खालचे सूर भरीव. वरचे मोकळे." मी लिहून घेतलं.

मग टाळीची परीक्षा. ही आमची दोघांची, आणि आम्हीच काढलेली. एक फिल्म आहे. त्यात एक टकलू माणूस टाळ्या वाजवतो. कधी लागोपाठ, कधी बराच वेळ नुसताच हात पसरून उभा, म्हणजे अंदाजानं काही सांगता येऊ नये. मी चित्र बघायचं, पण इअरफोन लावायचे नाहीत. तिनं इअरफोन लावायचे, पण डोळे मिटायचे. तळहात जुळलेले दिसले की माझं बोट टेबलावर पडणार, टाळी ऐकू आली की तिचं. दोन्ही बोटं एकदम पडली तर चित्र आणि आवाज जुळतात. यात वैज्ञानिक असं काही नाही, पण इतकी वर्षं त्यावर कोणी बोट ठेवलेलं नव्हतं.

तिचं बोट माझ्यानंतर पडलं. दर वेळी, अगदी थोडंसं. मी लिहिलं: आवाज किंचित मागे.

साहेब संध्याकाळी कागद घेऊन आत आले. वयानं आमच्या मुलासारखे. मला काका म्हणतात आणि हिला ताई, त्यामुळे आमचं दोघांचं नातं काय होतं हा विचार मी करत नाही. ही तेव्हा चहाचे कप धुवायला गेली होती.

"काका, रागावू नका," ते म्हणाले. म्हणजे रागावण्यासारखं काहीतरी होतंच. "गेले काही महिने आपण प्रत्येक प्लेअरला हेच लिहितोय. आवाज किंचित मागे. स्वस्त असो, महाग असो. कंपन्या विचारायला लागल्यात. सगळ्यांचाच आवाज मागे कसा असेल?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, सगळेच भिकार माल बनवत असतील तर त्यात आमचा काय दोष? तिच्या कानाला नावं ठेवायची असतील तर आधी मला घरी पाठवा. त्यांनी हातातल्या कागदाची घडी घातली. "उद्या एकदा परत करून बघा," एवढं म्हणाले. "नाहीतर ताईंच्या जागी दुसरं कोणी बसवून बघावं लागेल."

ती कप घेऊन परत आली तेव्हा मी दाराकडे पाठ करून स्वतःशीच पुटपुटत होतो. पुटपुटणं हा माझा स्वभाव आहे. लग्न झाल्यापासून ती माझ्या प्रत्येक पुटपुटण्याला उत्तर देत आली. "ऐकलं हं मी," असं स्वयंपाकघरातून म्हणायची. त्या संध्याकाळी ती काही बोलली नाही. अलीकडे बोलत नाहीच. मला वाटायचं, वयानं समजूतदार झाली.

अलीकडे आणखीही काही बदललं होतं. मी बोलायला लागलो की हातातलं काम टाकून ती माझ्या तोंडाकडे बघत राहायची. जेवताना शेजारची खुर्ची सोडून समोर बसायला लागली होती. या वयात बायको इतक्या कौतुकानं बघते म्हणून माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. आता हे लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच सांगतो.

घरी जाताना मी तिला साहेबांचं बोलणं सांगितलं नाही. परत करायची आहे परीक्षा, इतकंच म्हटलं. तिनं मान हलवली.

सकाळी आम्ही पुन्हा शेजारी शेजारी बसलो. मी प्लेअर उभा केला, तिनं इअरफोन लावले, डोळे मिटले. टकल्यानं टाळी वाजवली. माझं बोट पडलं, मग तिचं. पुन्हा माझं, मग तिचं. मी आदल्या दिवसाच्या रागातच होतो, म्हणून चित्राकडे बघता बघता तिच्या हाताकडेही बघत होतो. उजव्या हाताचं बोट वर उचललेलं. डावा हात टेबलावर सपाट, बोटं पसरलेली. हा डावा हात पूर्वी तिच्या मांडीवर असायचा. कधीपासून तो टेबलावर आला ते मला आठवेना.

पडद्यावरचा माणूस हात पसरून नुसताच उभा होता. टाळी नव्हती. मी बोट टेबलावर आपटलं.

तिचं बोट पडलं.

यंत्राची परीक्षा तिथंच संपली होती. मी बोट वर धरून बसलो. माणूस टाळ्या वाजवत राहिला, तिच्या कानात त्या पडतच असणार, आणि ती मिटल्या डोळ्यांनी माझ्या बोटाची वाट बघत होती. बराच वेळ डाव्या तळहाताखाली टेबल हललं नाही तेव्हा तिनं डोळे उघडले. पडद्यावरच्या टाळ्या पाहिल्या, माझं वर धरलेलं बोट पाहिलं, आणि इअरफोन काढून ठेवले.

"फसवलंत मला," ती म्हणाली.

"मी?" मी म्हटलं. "अगं, किती दिवस चाललंय हे?"

"डॉक्टरांकडे एकटीच गेले होते. परत येण्यासारखं नाही म्हणाले. समोरून कोणी बोललं तर कळतं. बाकी नुसतं घोंगावतं."

"आणि गाणी? भरीव, मोकळे?"

"डब्यावर छापलेलं असतं ना, आत कुठले भाग आहेत ते. त्यावरून येतं सांगता."

"मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही इथं एकटे बसला असता," ती म्हणाली. "मला इथं बसायचं होतं."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. लपवण्यात ती माझ्यापेक्षा पुढे होती, आणि त्यातून काय झालं ते समोर होतं. मग मी तिचे इअरफोन लावून फिल्म पुन्हा सुरुवातीपासून बघितली. तळहात जुळत होते आणि त्याच क्षणी टाळी वाजत होती. यंत्रात काही खोट नव्हती. आधीच्या सगळ्या यंत्रांतही बहुतेक नव्हती.

तेवढ्यात साहेब आत आले. टेबलावरचा प्लेअर उचलून त्याचं बटण दाबत त्यांनी विचारलं, "काय काका, जुळलं का?"

माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवलेलं नव्हतं. "जुळतंय," मी म्हटलं. "चूक माझी होती. माझं बोट आधी पडायचं. डोळे दगा द्यायला लागलेत."

ती माझ्या ओठांकडे बघत होती. तिचा चेहरा उतरला.

साहेबांना हायसं वाटल्यासारखं दिसलं. ते मान खाली घालून प्लेअरशीच खेळत होते. "होतं हो काका, वय झालं की. तुम्ही बाहेर इस्त्र्या-पंख्यांकडे बसा. इथं उद्यापासून मी दुसरं कोणी देतो." मग तसंच खाली बघत म्हणाले, "ताई, चालेल ना तुम्हाला?"

ती त्यांच्याकडे बघून हसली. "हो, चालेल की," म्हणाली.

साहेब प्लेअर ठेवून गेले. तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हणाले?"

मी खुर्ची वळवून तिच्यासमोर बसलो. माझे ओठ तिला नीट दिसतील असं तोंड धरलं. एकेक शब्द वेगळा करून सांगितलं, तिच्याशी असं मी कधीच बोललो नव्हतो. "उद्यापासून, तुझ्या शेजारी, मी नाही. दुसरं कोणीतरी. तुला चालेल म्हणालीस तू."

तिला कळायला वेळ लागला नाही. ती उठली, दारापर्यंत गेली आणि साहेबांना हाक मारली. "साहेब, थांबा. त्यांचे डोळे चांगले आहेत. माझे कान गेलेत."

ती केवढ्यानं ओरडली ते तिला कळलं नाही. बाहेरच्या खोलीत सगळ्यांचे हात थांबले, आणि सगळ्यांनी ऐकलं.