फोटोवाल्याचा उजेड

फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या नवऱ्याला उजेडातलं सगळं कळतं, असा त्याचा स्वतःचा समज होता. बायकोला विचाराल तर त्याला ओ की ठो कळत नव्हतं. ती चष्म्याच्या दुकानात वीस वर्षं काचा बसवत होती. सासूबाईंना दवाखान्यात न्यायचीही तीच. म्हातारीला भर उन्हात दिसायचं आणि ऊन कललं की चाचपडावं लागायचं. परवा ऑपरेशन व्हायचं होतं. उरलेली नजर राहील की जाईल, याची हमी डॉक्टर देत नव्हते.

म्हणून सासूबाईंनी एकच मागणं मागितलं. माहेरचं तळं घाटातल्या वरच्या वळणावरून एकदा बघायचं, मधल्या बेटासकट. रस्ता पाच तासांचा. पहाटे निघून दुपारच्या आत पोचायचं आणि रात्री परत, कारण उद्या दवाखान्यात भरती व्हायचं होतं.

पण साहेबांच्या अंगात प्रवासी संचारला. ठरवून कसली मजा, म्हणत त्याने तासाभरातच गाडी डावीकडे घातली. का, तर तिकडे धुकं छान दिसतंय. मग एक मोडका पूल. मग माळावर एकटंच उभं असलेलं वाळकं झाड. दर ठिकाणी स्टँड काढायचा, एक डोळा मिटायचा, मान वाकडी करायची आणि ‘वा’ म्हणायचं, तेही स्वतःलाच. एका धबधब्यासाठी चाळीस मिनिटं हाडं खिळखिळी करून घेतली, तर तो निघाला मोरीतल्या गळक्या नळाएवढा. त्याचेही साठ फोटो झाले.

“अरे, तळं राहील ना?” सासूबाईंनी मागच्या सीटवरून विचारलं.

“आई, तळं कुठे पळून जातंय?”

घाल बाबा, घाल गोंधळ, असं बायको मनात म्हणाली. तिला आता जरा मजाच वाटायला लागली होती.

बाराच्या सुमाराला घाटाचा फाटा आला. तळं अर्ध्या तासावर होतं. ऊन असं लख्ख की डोळे मिटून घ्यावेत. नवऱ्याने गाडी थांबवली, आभाळाकडे बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

“आत्ता नको. डोक्यावरच्या उन्हात सगळं सपाट दिसतं. संध्याकाळी सोनेरी उजेड पडला की तळं बघावं. तोवर पलीकडच्या टेकड्या करून येऊ.”

“संध्याकाळी मला दिसेल का रे?”

“चांगल्या उजेडात न दिसायला काय झालं?”

सासूबाईंनी पुढे वाकून सुनेच्या खांद्यावर हात ठेवला. “तुला काय वाटतं गं?”

उत्तर तिच्या जिभेवर होतं. पण वीस वर्षं ‘तुला यातलं काय कळतं’ ऐकून तिचे कान किटले होते. पडू दे एकदा तोंडघशी, आणि तेही आईसमोर, असं तिच्या मनाने घेतलं.

“हे म्हणतात तर असेल,” ती म्हणाली आणि बिस्किटांचा पुडा फोडला.

वळणावर पोचले तेव्हा सूर्य टेकला होता. उजेड खरंच देखणा होता, मेला. नवऱ्याने आईला कठड्याशी उभं केलं, तेही तळ्याकडे पाठ करून, कारण तोंडावर उजेड हवा. “आई, हस,” म्हणाला. सासूबाई हसल्या. शेवटी सुनेनेच दंड धरून त्यांना वळवलं.

“समोर आहे का गं?”

“आहे.”

“बेट?”

“तेही आहे. झाडं वाढलीत त्याच्यावर.”

सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या. “मला सगळी राख दिसतेय,” त्या म्हणाल्या.

नवऱ्याने कॅमेरा खाली केला. त्याचा चेहरा पार उतरला. दिवसभर वाट बघितलेली घडी हीच, आणि बायकोने ती सोडली नाही.

“कळलं? त्यांना भर दुपारच्या उन्हातच दिसतं. बारा वाजताच आणायला हवं होतं.”

त्याने मान खाली घातली. सासूबाईंनी मात्र मान वळवली ती सुनेकडे. तिचा चेहरा त्यांना दिसत नव्हता, तो त्या शोधत होत्या.

“फाट्यावर मी तुलाच विचारलं होतं गं,” त्या म्हणाल्या.