अर्ध्या सतरंजीचा मोकळा काठ

संत्र्याच्या तीन बिया.

हिरव्या कापडाची पट्टी.

द्राक्षरसाचा अर्धा डाग.

चार बोटं मोकळी जमीन.

म्हाताऱ्या हातांनी मारलेल्या गाठी, मोजल्या नाहीत इतक्या.

मी एक जुनी सतरंजी आहे. खरं सांगायचं तर अर्धी.

मित्रांनो, मला सौंसरच्या एका विणकराने विणलं. सूत इकडच्याच कापसाचं. निळे पट्टे, लाल पट्टे, आणि वीस माणसं मांडी घालून बसतील एवढी लांबी. तुळशीराम नावाच्या माणसाने मला पांढुर्ण्याला आणलं. त्याच्या घराण्यातला तो पहिला ख्रिस्ती. दर रविवारी त्याच्या घरी प्रार्थनासभा भरे आणि सर्वांत आधी मला अंथरलं जाई. एकदा प्रभुभोजनाच्या वेळी त्याच्या हातून द्राक्षरसाचा प्याला कलंडला आणि माझ्या बरोबर मध्यावर ताटाएवढा डाग पडला. तो धुऊनही गेला नाही. लहान मुलं त्या डागाभोवती बसून संत्री खात आणि बिया माझ्याखाली लपवत.

तुळशीराम गेल्यावर सभा त्याच्या दोन लेकरांनी चालवली. थोरली केसरबाई, धाकटा चिंधू. ती गाणं सुरू करी, तो ढोलकी धरी. मला वाटे, असंच चालेल.

मग पाण्यावरून वाद झाला. चिंधू एका नव्या ख्रिस्ती मंडळीच्या सभेला जाऊन आला होता. डोक्यावर पाणी शिंपडून दिलेला बाप्तिस्मा पुरेसा नाही, नदीत पूर्ण बुडूनच तो घ्यायला हवा, असं तो सांगू लागला. वडिलांचा बाप्तिस्मा शिंपडूनच झाला होता. केसरबाईच्या ते वर्मी लागलं.

"म्हंजे बाबाचा खोटा होता का?"

"मी तसं कुठं म्हनलो, बाई?"

"मंग काय म्हनला?"



सभा फुटली. सात घरं घेऊन चिंधू जाम नदीपलीकडे सावरगावला निघाला. ढोलकी त्याने घेतली, पेटी तिच्याकडे राहिली. मी कुणाची, हे ठरेना. करा अर्धी अर्धी, असं कुणीतरी चिडून बोललं. चिंधूने कात्री चालवली. डागापाशी आल्यावर तो थांबला. मग पुढे गेला.

त्यांच्या पुस्तकात एका शहाण्या राजाची गोष्ट आहे. एका लेकरासाठी दोन बाया भांडतात. लेकराचे दोन तुकडे करा, असं राजा म्हणतो, तेव्हा खरी आई हक्क सोडते, पण कापू देत नाही. ही गोष्ट माझ्यावर बसून कितीदा वाचली गेली होती. त्या दिवशी ती कुणालाच आठवली नाही.

माझा दुसरा भाग सावरगावला गेला. त्याच्यावर कोण बसलं, कोण रडलं, मला ठाऊक नाही. म्हणून मी अर्धंच सांगते आहे.

केसरबाईच्या सुनेला, छायाला, माझा उसवत चाललेला काठ बघवेना. दुमडून शिवून टाकते, म्हणत ती सुईदोरा घेऊन आली.

केसरबाई म्हणाली, "शिवू नोको वं. काठ बंद केला, मंग जोडाचं कोठून?"

अशी नऊ वर्षं गेली. आधी चौदा माणसं येत, मग सहा. संत्र्याच्या तोडणीच्या दिवसांत तर नुसत्या सासू-सून. तरी केसरबाई मला पूर्ण अंथरायची, गाण्याची सगळी कडवी म्हणायची. बसायची मात्र कापलेल्या काठाशी. बसल्या बसल्या सुटलेल्या धाग्यांना गाठी मारायची. प्रार्थनेत आधी चिंधूचं नाव घ्यायची, मग स्वतःच्या गुडघ्यांचं.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होते. नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, आणि मधून एकमेकांवर दगडांचा मारा. त्यावरून एकदा छाया बोलून गेली, "गोटमार बी एका दिवसात सरते, आई. तुमची सरूनच नाही राहिली."

केसरबाई हसली. पण गाठ मारणारा हात थांबला. तिने काठ उजेडात धरला. गाठी मारूनही धागे गळत होते. अर्ध्या डागाचा आता पावच उरला होता.

"मी वाट पाहून राहिली," ती हळूच म्हणाली, "अन् हे सरून राहिलं."

पुढच्या रविवारी घरची सभा आटोपून तिने माझी गुंडाळी केली, ऑटोत बसली आणि पूल ओलांडला.

सावरगावला गाणं चालू होतं. जमिनीवर माझा दुसरा भाग होता, माझ्याइतकाच विटलेला. त्याच्या कापलेल्या काठावर हिरवी पट्टी शिवून टाकलेली होती. केसरबाईने कुणालाही विचारलं नाही. मला त्याच्या शेजारी अंथरलं, काठाला काठ. पट्टीत दुमडलेला त्याचा भाग आणि माझे गळालेले धागे यांमुळे दोन्ही डागांच्या मध्ये चार बोटं जागा उरली. चिंधूची ढोलकी थांबली.

"बाई, तू?"

"सरक थोडा," ती म्हणाली.

आता ती दर रविवारी मला तिकडे नेते. पाण्याचा वाद अजून निघतो आणि मिटत नाही. पहिले चार रविवार आमच्या मधल्या जागेजवळ कुणी बसलं नाही. पाचव्या रविवारी चिंधू बसला. एक गुडघा माझ्यावर, एक माझ्या दुसऱ्या भागावर. प्रार्थना लांबली. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. चिंधूच्या नखाने हिरव्या पट्टीचा एक टाका उसवला. मग दुसरा.

आम्ही अजून जोडलेले नाही. जोडलं तरी पट्टे जुळायचे नाहीत. तरीही मला जोड हवा आहे, वेडावाकडा चालेल. मित्रांनो, तुमच्याकडचं काही फाटलं तर त्याचा काठ घाईने शिवून बंद करू नका. आणि मोकळा ठेवलात तर नुसती वाट पाहत बसू नका. मोकळा काठ झिजतो.

चिंधूने मला कापलं त्या दिवशी घरात कात्री नव्हती. ती केसरबाईने शेजारून मागून आणली होती.